‘डाँकीज इयर्स’ म्हणजे किती वर्षं?



इंग्रजीतले रोजच्या बोलण्यातले शब्दप्रयोग आपण इथे एकेक करून बघतो. आज एकच घेणार आहे : ‘डाँकीज इयर्स’. डाँकी म्हणजे गाढव, इयर्स म्हणजे वर्षं. दोन्ही शब्द पहिली-दुसरीतल्या मुलालाही येतात. पण ते एकत्र आले की अर्थ काय होतो, हे वर्षानुवर्षं इंग्रजी शिकवणाऱ्या माणसालाही चटकन सांगता येईलच असं नाही. मला स्वतःला तो कळला तेव्हा मी चाळिशीला टेकले होते. आणि तोवर या दोन शब्दांनी आमच्या घरात एक नुकसान करून ठेवलं होतं. ती हकिकत सांगणार आहे. पण आधी अर्थ सांगून टाकते, म्हणजे तुमचा जीव त्यात अडकून राहणार नाही.

‘डाँकीज इयर्स’ म्हणजे खूप वर्षं. मोजायच्या पलीकडची, मोजायची गरजच नसलेली वर्षं. आपण मराठीत म्हणतो, ‘कित्येक वर्षांत तुझी गाठ नाही’, ‘अगं, जमाना झाला तुला बघून’, ‘युगं लोटली’. तसंच इंग्लंडमधला माणूस म्हणेल, ‘आय हॅवन्ट सीन यू फॉर डाँकीज इयर्स.’ कित्येक वर्षांत तुला पाहिलंच नाही. त्यात गाढवाचा काही संबंध नाही, ऐकणाऱ्याला गाढव म्हटलेलं नाही आणि बोलणाऱ्यानं स्वतःलाही म्हटलेलं नाही. उलट हे वाक्य प्रेमाचं आहे. परक्या माणसाला कोणी असं म्हणत नाही.

आता मराठी माणसाची पंचाईत कुठे होते बघा. आपल्याकडेही गाढव आणि वर्षं यांना जोडणारा एक अगदी घरगुती शब्द आहे : गद्धेपंचविशी. पंचविशीपर्यंतचं ते अल्लड, बेफिकीर वय, ज्यात माणूस हमखास चुका करतो आणि पुढे स्वतःच त्या सांगून हसतो. त्यामुळे मराठी कानावर ‘डाँकीज इयर्स’ पडलं की मन आपसूक गद्धेपंचविशीकडे धावतं. समजा, एखादे साहेब म्हणाले, ‘आय हॅव नोन हिज फादर फॉर डाँकीज इयर्स.’ तर आपल्याला वाटतं, साहेब याच्या वडलांना त्यांच्या उनाडपणाच्या दिवसांपासून ओळखतात. साहेबांना म्हणायचं असतं एवढंच, की आमची ओळख फार जुनी आहे. शब्द ओळखीचे आणि अर्थ भलताच, असं झालं की माणूस विचारायलाही जात नाही. अनोळखी शब्दाला आपण शब्दकोश उघडतो. ओळखीच्या शब्दाला उघडत नाही. धोका तिथे आहे.

आता आमच्या घरातली गोष्ट.

आम्ही झाशीचे मराठी. झाशीत मराठी घरं पूर्वीपासून आहेत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. माझे वडील तिथल्या रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. त्यांच्या खात्यात एक अँग्लो-इंडियन चार्जमन होते. हुद्द्यानं ते वरचे, पण दोघांची दोस्ती घट्ट. नाताळात त्यांच्याकडून केक यायचा, दिवाळीत आमच्याकडून चकली आणि अनारसे जायचे. आम्ही मुलं त्यांना अंकल म्हणायचो. बाबांचं इंग्रजी वर्कशॉपपुरतं होतं. ड्रॉइंग वाचता यायचं, रिपोर्ट लिहिता यायचा, साहेबांची ऑर्डर कळायची. अंकलबरोबर ते अर्धं हिंदी आणि अर्धं इंग्रजी असं काहीतरी बोलायचे आणि दोघांचं उत्तम जमायचं.

१९७१ साली अंकल कुटुंबासकट ऑस्ट्रेलियाला गेले. पर्थला. त्या काळात बरीच अँग्लो-इंडियन कुटुंबं तिकडे जात होती. सुरुवातीला पत्रं यायची, बाबा उत्तरं लिहायचे. मग माझ्या बहिणीचं लग्न, आजीचं आजारपण, बाबांच्या पाळ्या, यात उत्तरं राहू लागली. राहता राहता पाच-सहा वर्षं गेली. १९८१ च्या नाताळात एक कार्ड आलं. त्यावर अंकलच्या हातची एकच ओळ होती : ‘नॉट अ लाइन फ्रॉम यू इन डाँकीज इयर्स, ओल्ड मॅन!’

बाबांनी ती ओळ दोनदा वाचली. त्यांना त्यात दोनच शब्द दिसले. डाँकी आणि ओल्ड मॅन. गाढव आणि म्हातारा.

आपल्याकडे इंग्रजी शब्द ‘डाँकी’ कुठून शिकला जातो, आठवा. शाळेत मास्तरांकडून आणि कारखान्यात फोरमनकडून. ‘यू डाँकी’ हे वाक्य कान पकडून शिकवलेलं असतं. बाबांनी वर्कशॉपमध्ये ते किती वेळा ऐकलं असेल, देव जाणे. आणि अंकल काही झालं तरी वरच्या हुद्द्याचे. परदेशी गेल्यावर याला वरिष्ठपणा आठवला, असं बाबांच्या मनानं घेतलं. ते कोणाला काही बोलले नाहीत. कार्ड पत्र्याच्या ट्रंकेत गेलं. पुढच्या दोन नाताळांतही कार्डं आली. ती न वाचताच ट्रंकेत गेली. मग यायची थांबली.

गोष्ट इथे जरा थांबवते. शेवटी पुन्हा तिच्याकडे येऊ. कारण अंकलनी त्या ओळीत नेमकं काय लिहिलं होतं, हे आधी नीट उलगडलं पाहिजे.

पहिला प्रश्न असा, की वर्षं मोजायला गाढवच का? याचं उत्तर मजेदार आहे. मुळात हा शब्दप्रयोग वर्षांचा नसून कानांचा आहे! इंग्रजीत कानाला म्हणतात ‘इअर’, आणि वर्षाला म्हणतात ‘यिअर’. गाढवाचे कान लांब. तेव्हा ‘डाँकीज इअर्स’, म्हणजे गाढवाचे कान, असं म्हणून लांबलचक वर्षं सुचवायची, हा मूळ विनोद. पहिल्या महायुद्धाच्या सुमाराला छापील इंग्रजीत हे ‘इअर्स’वालं रूप सापडतं. पुढे लोक सरळ ‘यिअर्स’च म्हणू आणि लिहू लागले, आणि कान मागे पडून वर्षं पुढे आली.

लंडनच्या पूर्व भागात अशा शब्दखेळांची मोठी परंपरा आहे. एका शब्दाऐवजी त्याच्याशी यमक जुळणारा दुसराच शब्दसमूह वापरायचा. जिना म्हणजे ‘स्टेअर्स’. तर त्याला म्हणायचं ‘ॲपल्स अँड पेअर्स’. फोनला म्हणायचं ‘डॉग अँड बोन’. सफरचंद, पेर, कुत्रा आणि हाड यांचा जिन्याशी किंवा फोनशी काय संबंध? काहीच नाही. फक्त शेवटचा आवाज जुळतो. ‘इअर्स’ आणि ‘यिअर्स’ यांचं जुळणं याच जातीचं आहे.

दुसरी समजूत अशी की गाढव फार जगतं, म्हणून त्याची वर्षं जास्त. चांगली निगा राखली तर गाढव तीस वर्षांच्या आसपास, कधी त्याहूनही जास्त जगू शकतं, हे खरं आहे. आयुष्यभर ओझी वाहणाऱ्या गाढवाच्या नशिबी एवढी वर्षं नसतात, तो भाग वेगळा. या समजुतीमुळे शब्दप्रयोग टिकायला मदत झाली असेल. पण विनोदाची सुरुवात कानापासून आहे, हे लक्षात ठेवा.

आणि गंमत अशी की हा विनोद आपल्या तोंडून न ठरवता होतो. आपण बहुतेक मराठी माणसं ‘यिअर’ न म्हणता ‘इयर’ म्हणतो. म्हणजे जवळजवळ कानच. एक जानेवारीला आपण सगळ्यांना जे ‘हॅपी न्यू इयर’ म्हणतो, ते काटेकोर कानाला ‘नवीन कानाच्या शुभेच्छा’ असं ऐकू येण्याची शक्यता आहे. दोन्हींत फरक करायचा असेल तर वर्षाच्या शब्दाची सुरुवात ‘यि’नं करा. ‘यमुना’ म्हणताना जीभ जिथे जाते तिथे ती न्या आणि मग ‘यिअर’ म्हणा. कानासाठी सरळ ‘इ’. दोन दिवस आरशासमोर म्हणून पाहा, जमून जाईल.

दुसरा प्रश्न. इंग्रज माणसाला जे गाढव गमतीचं वाटतं, ते बाबांना झोंबलं का? त्याचं कारण बाबांच्या स्वभावापेक्षा आपल्या भाषेत जास्त आहे.

मराठीत गाढव कुठे कुठे येतं पाहा. गाढवापुढे वाचली गीता. गाढवाला गुळाची चव काय? अडला हरी गाढवाचे पाय धरी. गाढव मेलं ओझ्यानं आणि शिंगरू मेलं हेलपाट्यानं. म्हणजे एक तर मूर्खपणा, नाही तर हलकेपणा, नाही तर मरेस्तोवर राबणं. प्रेमाचं गाढव आपल्याकडे जवळजवळ नाहीच. आई लाडानं ‘गाढवा’ म्हणते तेवढंच, आणि तो मान आईचाच.

याहून जुनी साक्ष हवी असेल तर कोकणात जा. अलिबागजवळ आक्षी नावाचं गाव आहे. तिथल्या शिलालेखाचा काळ अनेक अभ्यासक इ. स. १०१२ मानतात आणि मराठीतल्या अगदी आरंभीच्या शिलालेखांत त्याची गणना होते. तो ‘गधेगाळ’ या प्रकारातला आहे. शिलाहारांच्या काळापासून असे दगड कोरलेले सापडतात. राजानं कुणाला जमीन किंवा गावाचं उत्पन्न दान दिलं की त्याची नोंद दगडावर करायची आणि खाली गाढवाचं चित्र कोरून, हे दान जो मोडेल त्याला एक जबरदस्त शिवी द्यायची. ती शिवी इथे उच्चारण्यासारखी नाही. गाळ म्हणजेच शिवी. म्हणून गधेगाळ.

आता आजच्या विषयासाठी महत्त्वाचं ते ऐका. याच दगडांवर वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र कोरलेले असतात. त्यांचा अर्थ असा की आकाशात चंद्र-सूर्य आहेत तोवर हे दान चालावं. म्हणजे एकाच दगडावर दीर्घ काळाची खूण आहे आणि गाढवही आहे. पण कामं वेगळी. वर काळ, खाली शिवी. आपल्या भाषेनं लांब काळ सांगायचं काम चंद्र-सूर्याला दिलं आणि गाढवाकडे अपमान दिला. हजार वर्षांची ही वाटणी आहे. त्या भाषेत वाढलेल्या माणसानं कार्डावर गाढव वाचलं आणि त्याला शिवी दिसली, यात त्याचं चुकलं असं मला म्हणवत नाही. इंग्रजीनं मात्र लांब काळ सांगायला गाढवालाच बोलावलं, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

आणि ‘ओल्ड मॅन’? त्यात म्हातारपण नाही. जुन्या वळणाच्या इंग्रजीत दोस्त दोस्ताला असं हाकारायचा. आपण ‘काय रे बाबा’ म्हणतो त्यातला ‘बाबा’ जसा बाप नसतो, तसाच हा ‘ओल्ड मॅन’ म्हातारा नसतो. तेव्हा अंकलच्या ओळीचा खरा अर्थ एवढाच होता : ‘कित्येक वर्षांत तुझं एक अक्षर नाही रे बाबा!’

आता तुमच्या उपयोगाचं. हा शब्दप्रयोग स्वतः वापरायचा कसा? तीन साचे लक्षात ठेवले की पुरे.

पहिला साचा ‘फॉर’चा. ‘वी हॅव बीन नेबर्स फॉर डाँकीज इयर्स.’ आम्ही कित्येक वर्षांचे शेजारी आहोत. जी गोष्ट मागे सुरू झाली आणि अजून चालू आहे, तिच्यासाठी हा साचा.

दुसरा साचा ‘इन’चा. तो बहुधा नकारार्थी वाक्यात येतो. ‘आय हॅवन्ट ईटन पुरणपोळी इन डाँकीज इयर्स.’ कित्येक वर्षांत पुरणपोळी खाल्लेली नाही. इथे ‘फॉर’ही चालतो. अंकलच्या कार्डावर होता तो हाच साचा.

तिसरा साचा ‘अगो’चा. ‘दे लेफ्ट इंदूर डाँकीज इयर्स अगो.’ ते फार पूर्वीच इंदूर सोडून गेले. गोष्ट घडून संपली, म्हणून क्रियापद साधं भूतकाळी. इथे ‘हॅव लेफ्ट’ म्हणायचं नाही.

आणि आता आपली सगळ्यांची लाडकी चूक. ‘आय ॲम लिव्हिंग हिअर सिन्स डाँकीज इयर्स.’ ‘आय ॲम वर्किंग हिअर सिन्स ट्वेन्टी इयर्स.’ ही चूक आपण का करतो? कारण मराठीत आपण म्हणतो, ‘मी वीस वर्षांपासून इथे राहतो’ आणि ‘मी १९९८ पासून इथे राहतो’. दोन्हीकडे ‘पासून’ आणि दोन्हीकडे वर्तमानकाळ. तुमच्यापैकी जे हिंदी मुलखात राहतात, त्यांना ‘बीस साल से’ हेच शिकवतं. जे बडोद्याला आहेत, त्यांच्या कानावर रोज ‘वीस वर्षथी’ पडतं. बेळगाव-धारवाडकडच्या मंडळींच्या शेजारी कन्नडही त्याच वाटेनं जाते. आपल्या भोवतालच्या इतक्या भाषा एकच प्रत्यय दोन्हीकडे लावतात, मग इंग्रजीत आपण वेगळं कसं बोलणार?

पण इंग्रजी इथे फरक करते. किती काळ, हे सांगायचं तर ‘फॉर’. कधीपासून, म्हणजे सुरुवातीचा क्षण सांगायचा तर ‘सिन्स’. दोरीची लांबी सांगायला ‘फॉर’ आणि दोरी ज्या खुंटीला बांधली ती खुंटी दाखवायला ‘सिन्स’. ‘फॉर ट्वेन्टी इयर्स’ ही लांबी आहे. ‘सिन्स १९९८’ ही खुंटी आहे. डाँकीज इयर्स ही लांबीच आहे, म्हणून ‘सिन्स’ तिथे बसत नाही. आणि क्रियापद ‘ॲम लिव्हिंग’ नव्हे, ‘हॅव बीन लिव्हिंग’. कारण गोष्ट मागून चालत आलेली आहे.

आणखी तीन बारीक गोष्टी. एक, गाढव एकच आहे, त्यामुळे लिहिताना लोपचिन्ह ‘डाँकी’ आणि ‘स’ यांच्या मध्ये येतं. मायकेल फ्रेन या इंग्रज नाटककाराचं १९७६ सालचं याच नावाचं एक प्रसिद्ध विनोदी नाटक आहे. बऱ्याच वर्षांनी जुने विद्यार्थी कॉलेजात एकत्र जमतात, असा त्याचा विषय. त्या नावात मात्र लोपचिन्ह ‘स’च्या नंतर आहे, म्हणजे गाढवं अनेक! ते नाटकापुरतं. तुम्ही एकाच गाढवावर भागवा. दोन, ‘अ डाँकीज इयर’ किंवा ‘टू डाँकीज इयर्स’ असं होत नाही. ज्याची मोजदादच नाही, त्याची दोन-तीन कशी करणार? तीन, हा शब्दप्रयोग मागे वळून पाहणारा आहे. ‘मी पुढची कित्येक वर्षं इथे राहीन’ हे सांगायला तो सहसा वापरत नाहीत.

पुढच्या काळासाठी इंग्रजीनं दुसरं जनावर ठेवलं आहे. ‘यू कॅन आर्ग्यू टिल द काऊज कम होम.’ गाई घरी परतेपर्यंत वाद घाल. म्हणजे, हवा तेवढा वेळ घाल, उपयोग शून्य. ऐकणारा मराठी माणूस इथेही चक्रावतो. कारण आपल्याकडे गाई घरी परतायची वेळ अगदी ठरलेली. दिवस मावळताना, त्यांच्या खुरांची धूळ उडते तेव्हा. त्या वेळेला आपण गोरज म्हणतो आणि त्या मुहूर्तावर लग्नं लावतो. आपली गाय वेळेवर येते. इंग्रजीतली गाय येता येत नाही. मागच्या काळाला गाढव आणि पुढच्या काळाला गाय, एवढं लक्षात ठेवलंत तर दोन्ही प्रयोग विसरणार नाही.

आता सर्वांत महत्त्वाचं. हा शब्दप्रयोग कुठे वापरायचा नाही.

हा घरगुती, गप्पांमधला शब्द आहे. मित्राला पत्र, जुन्या सहकाऱ्याशी फोन, लग्नात अचानक भेटलेली मैत्रीण, इथे तो शोभतो. नोकरीच्या अर्जात, राजीनाम्यात, सरकारी कागदात तो शोभत नाही. इंग्लंडमध्ये तो सर्रास कळतो. अमेरिकेत तितकासा ऐकू येत नाही. समोरच्याला कळेल का अशी शंका असेल तर ‘फॉर एजेस’ म्हणा. अर्थ तोच, आणि तो सगळीकडे चालतो. शिवाय आपल्याच देशात समोरच्याच्या कानाला डाँकी म्हणजे शिवीच असेल, तर तिथेही ‘एजेस’ बरा. आमच्या घरात जे झालं, ते दुसऱ्याच्या घरात आपल्या हातून होऊ नये.

आणि जिथे समोरच्याला आकडा हवा आहे, तिथे असा कुठलाच शब्द वापरू नका. इंग्रजीतही नाही, मराठीतही नाही. डॉक्टर विचारतात, ‘फॉर हाऊ लाँग?’ किती दिवसांपासून दुखतंय? आणि आपण सांगतो, ‘फॉर अ लाँग टाइम.’ खूप दिवसांपासून. आपल्या मते आपण उत्तर दिलं. डॉक्टरांच्या हाती काहीच लागलं नाही. तीन दिवसांचा खोकला आणि तीन आठवड्यांचा खोकला, यांच्या तपासण्या वेगळ्या असतात. तिथे सांगायचं, ‘फॉर थ्री वीक्स’, किंवा ‘सिन्स गणेश चतुर्थी’. तसंच राज्याबाहेर राहणाऱ्या आपल्यासारख्यांना रहिवासाचे दाखले काढावे लागतात. ‘इथे किती वर्षं राहता?’ या रकान्यात ‘पिढ्यान्‌पिढ्या’ लिहून भागत नाही, कितीही खरं असलं तरी. तिथे साल लिहावं लागतं. मोजलेला काळ वेगळा आणि मनातला काळ वेगळा. दोन्ही खरे आहेत. पण एकाच्या जागी दुसरा दिला तर काम अडतं.

आता आमच्या ट्रंकेकडे परत येते.

१९९४ साली मी नववीच्या वर्गाला इंग्रजी शिकवत होते. प्राण्यांवरून आलेले शब्दप्रयोग असा पाठ होता. तयारीसाठी शब्दकोश उघडला. डाँकीच्या खाली हा प्रयोग दिसला आणि अर्थ वाचून मी तिथेच थांबले. मला ते कार्ड आठवलं. कॉलेजात असताना बाबा-अंकलची दोस्ती तुटल्याचं आईकडून कळलं होतं, पण कारण घरात कुणी नीट सांगितलं नव्हतं. एकदा फक्त बाबांच्या तोंडून निघून गेलं होतं, ‘त्यानं मला गाढव म्हटलं.’

संध्याकाळी घरी गेले. बाबा तेव्हा निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली होती. मी ट्रंक उघडली, कार्ड काढलं, शब्दकोश त्यांच्यासमोर ठेवला आणि अर्थ वाचून दाखवला. बाबांनी चष्मा लावून स्वतः वाचला. बराच वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘म्हणजे तेरा वर्षं मीच गाढव होतो.’ हसले थोडे. पण ते हसणं टिकलं नाही.

उरलेली दोन पाकिटं त्यांनी त्या दिवशी फोडली. एका कार्डावर फक्त शुभेच्छा होत्या. दुसऱ्यावर लिहिलं होतं, सगळं ठीक आहे ना, दोन ओळी तरी पाठव.

त्याच आठवड्यात बाबांनी पत्र लिहिलं. मी इंग्रजी सुधारून देते म्हटलं, तर नको म्हणाले. पत्राची पहिली ओळ मात्र मला विचारून लिहिली. ‘सॉरी फॉर नॉट रायटिंग फॉर डाँकीज इयर्स.’ त्यात ‘फॉर’ दोनदा येतो, चालेल का, असंही विचारलं. चालेल, म्हटलं.

दोन महिन्यांनी उत्तर आलं. अंकलच्या मुलीचं होतं. अंकल १९९२ सालीच गेले होते. तिनं लिहिलं होतं, की नाताळची कार्डं लिहायला बसले की डॅडी तुमचं नाव काढायचे आणि म्हणायचे, माझं काही चुकलं का, कोण जाणे. सोबत एक फोटो होता. वर्कशॉपच्या फाटकाशी दोघं उभे आहेत, हातात चहाचे पेले.

बाबा त्या पत्राबद्दल पुढे फारसं बोलले नाहीत. फोटो त्यांनी देवघराशेजारच्या भिंतीवर लावला. एक सवय मात्र त्यांना लागली. कुठलंही पत्र आलं, इंग्रजी असो, हिंदी असो, आणि त्यातला एखादा शब्द खुपला, की आधी मला हाक मारायचे, ‘अगं, याचा अर्थ काय गं?’ खुपणाऱ्या शब्दाबद्दल रागवायच्या आधी विचारायचं. शेवटपर्यंत ही सवय त्यांनी मोडली नाही.

म्हणून आजचा गृहपाठ दोन भागांचा आहे. पहिला भाग व्याकरणाचा. ‘फॉर’, ‘इन’ आणि ‘अगो’ वापरून डाँकीज इयर्सची एकेक वाक्यं करा. वाक्यं तुमच्या स्वतःच्या आयुष्यातली असू द्या. कधी सोडलेलं गाव, कधीपासूनचा शेजार, कित्येक वर्षांत न चाखलेला एखादा पदार्थ. म्हणून झाल्यावर ‘यिअर’ नीट आला का, तेही ऐका.

दुसरा भाग सोपा आहे, पण बहुतेक जण तोच टाळतात. ज्या माणसाशी तुम्ही डाँकीज इयर्समध्ये बोललेला नाही, असा एक जण आठवा. आणि आज त्याला फोन करा. मराठीत केलात तरी चालेल.

पुढच्या भागात भेटू या. नमस्कार.